‘यंदा बोर्ड आहे’ यातला बोर्ड कोणता?

प्रश्न असा आहे. मुलगी यंदा दहावीला असल्यामुळे घरात उठता-बसता ‘बोर्ड’ हा शब्द चालू असतो. तिने सहज इंग्रजी कोश उघडून पाहिला, तर पहिलाच अर्थ ‘लाकडाची फळी’ असा निघाला, आणि तिने वडिलांना विचारले की फळीचा आणि परीक्षेचा संबंध काय. वडिलांना उत्तर सुचले नाही. उलट त्यांच्याच मनात आणखी शंका उभ्या राहिल्या: दुकानावरचा बोर्ड, कंपनीचे बोर्ड, बोर्डिंगात राहणारी मुले आणि लोहगावच्या विमानतळावर चालणारे बोर्डिंग हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत, की उच्चार सारखा असलेले निरनिराळे शब्द आहेत? आणि या सगळ्यांना मिळून मराठीत एकच प्रतिशब्द का नाही? मी तीसहून अधिक वर्षे पुण्यात भाषांतराचे आणि कोशसंपादनाचे काम करतो. या शब्दाने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडलेले असल्यामुळे त्याच्याशी माझी ओळख जुनी आहे, तेव्हा जरा विस्ताराने लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो. इंग्रजीतला ‘बोर्ड’ हा मुळात एक शब्द नाही, दोन आहेत. प्राचीन जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच ज्या कुळातल्या त्या भाषांत, एका शब्दाचा अर्थ ‘फळी’ असा होता आणि दुसऱ्याचा ‘कड, काठ, जहाजाची बाजू’ असा होता. जुन्या इंग्रजीत येईपर्यंत दोघांचेही रूप ‘बोर्ड’ असेच होऊन बसले आणि पुढे लोकांनी त्यांची सरमिसळ केली. विमानात चढण्याचे बोर्डिंग दुसऱ्या शब्दाच्या घरातले आहे. दुकान, कंपनी, वसतिगृह आणि परीक्षा ही चारही मंडळी मात्र पहिल्या शब्दाची, म्हणजे फळीचीच लेकरे आहेत.

फळीपासून परीक्षेपर्यंतचा रस्ता जेवणाच्या खोलीतून जातो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बहुतेक घरांत आजच्यासारखे कायमचे टेबल नसे. दोन लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या, त्यावर जेवायचे आणि जेवण झाले की फळ्या उचलून भिंतीला टेकवून ठेवायच्या, अशी पद्धत होती. आपल्याकडे जेवायच्या वेळी पाट मांडत आणि नंतर उचलून कोपऱ्यात उभे करून ठेवत, तसेच हे. त्यामुळे फळीचे नावच टेबलाचे नाव झाले. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत ‘बोर्ड’चा नेहमीचा अर्थ आजही टेबल असाच आहे. बड्या हॉटेलांत ‘स्मॉर्गसबोर्ड’ या नावाने मांडलेला थाट दिसतो, त्यातला बोर्ड हा स्वीडिश टेबल आहे. डच लोक आणखी एक पायरी पुढे गेले आणि त्यांच्याकडे ‘बोर्ड’ म्हणजे जेवणाचे ताट. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवणारा माणूस लबाडी करू शकत नाही, म्हणून इंग्रजीत स्वच्छ व्यवहाराला ‘बोर्डाच्या वरचा’ म्हणू लागले. आपण ‘टेबलाखालून’ दिलेल्या पैशांविषयी जे बोलतो ती याच चित्राची उलटी बाजू म्हणता येईल.

टेबलावरून अर्थ दोन दिशांनी सरकला: टेबलावर जे मांडले जाते तिकडे आणि टेबलाभोवती जे बसतात तिकडे.

पहिली दिशा जेवणाची. चौदाव्या शतकात ‘बोर्ड’चा अर्थ ‘जेवण’ आणि पुढे ‘राहण्याच्या ठिकाणी मिळणारे रोजचे जेवण’ असा रूढ झाला. आपल्याकडे ‘त्याचे पान कुठे आहे?’ असे विचारले तर कोणी झाडाचे पान शोधत नाही, किंवा ‘चार पाने वाढली’ म्हटले की चार माणसे जेवायला बसली हे कळते, तसाच हा प्रकार आहे. जेवण देणारे घर ते बोर्डिंग हाऊस, तिथे जेवणारा तो बोर्डर आणि जेवणाखाण्यासह मुले ठेवून घेणारी शाळा ती बोर्डिंग स्कूल. म्हणून इंग्रजीत ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ असे दोन शब्द जोडीने येतात: बोर्डिंग म्हणजे जेवण, लॉजिंग म्हणजे राहणे.

मराठीत मात्र या शब्दाचे दोन निरनिराळे संसार झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि त्यानंतर तिथे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी अशी अनेक वसतिगृहे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र राहतील असे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस सुरू केले. या सगळ्यांना लोक ‘बोर्डिंग’ म्हणू लागले आणि दक्षिण महाराष्ट्रात त्या शब्दाचा अर्थ ‘मुलांनी राहण्याची जागा’ असा पक्का झाला. पुण्यातही मॉडेल कॉलनीतल्या जैन बोर्डिंगात तो त्याच अर्थाने नांदतो. पण सदाशिव पेठेत किंवा टिळक रस्त्यावर ‘बोर्डिंग’ म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांसमोर खोली येत नाही, थाळी येते. पूना बोर्डिंग हाऊसच्या दारात रविवारी दुपारी ताटकळत उभी असणारी माणसे मुक्कामाला आलेली नसतात, ती जेवायला आलेली असतात. गावाकडून आलेल्या माझ्या एका मामांना मी ‘बोर्डिंगला जाऊ’ म्हटले, तेव्हा त्यांनी घाबरून विचारले होते, ‘का रे, घरात काही झालं का?’ शब्दाच्या इतिहासाच्या बाजूने पाहिले तर पुण्याचा अर्थ मुळाला धरून आहे आणि कोल्हापूरचा पुढे सरकलेला आहे. पुण्याने कोल्हापूरकरांना ऐकवावी अशी ही गोष्ट मात्र नव्हे, कारण बोर्डिंगांनी जे काम केले ते थाळीने केलेले नाही.

आता माझी फजिती सांगतो. नव्वदीच्या सुरुवातीला एका प्रशिक्षण संस्थेचे माहितीपत्रक माझ्याकडे भाषांतराला आले होते. उमेदवारांना ‘बोर्ड अँड लॉजिंग’ मिळेल असे त्यात एक वाक्य होते. त्या महिन्यात माझ्या हाताखालून सरकारी परिपत्रके इतकी गेली होती की ‘बोर्ड’ दिसला की लेखणी आपोआप ‘मंडळ’ लिहीत असे. मी लिहिले, ‘मंडळातर्फे निवासाची सोय करण्यात येईल.’ वाक्य व्याकरणशुद्ध, वळणदार आणि शंका येऊ नये इतके सरकारी. त्या संस्थेला कसलेही मंडळ नव्हते, तरीही ते तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटले. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी संस्थेतून फोन आला. जेवणाचा उल्लेखच नसल्यामुळे उमेदवारांनी आपापली सोय करून आणली होती. सोलापूरकडच्या एका मुलाने पंधरा दिवस पुरतील एवढ्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून आणली होती, आणि आचाऱ्याने केलेला स्वयंपाक पातेल्यात तसाच पडून होता. चटणी फार उत्तम होती असे संस्थेच्या व्यवस्थापकांनी नंतर मला मुद्दाम कळवले. तेव्हापासून ‘बोर्ड’ समोर आला की त्या टेबलावर ताट आहे की कागद आहेत हे मी आधी पाहतो आणि मगच पुढे लिहितो.

दुसरी दिशा माणसांची. जेवणाच्या फळीभोवती जसे लोक बसत, तसेच सल्लामसलतीच्या फळीभोवतीही बसत. सोळाव्या शतकात ‘बोर्ड’ म्हणजे ‘ज्या टेबलाशी कारभारी मंडळी बसतात ते टेबल’ असा अर्थ दिसू लागतो आणि सतराव्या शतकात टेबल बाजूला पडून ती माणसेच ‘बोर्ड’ होतात. आपल्या देशात हा शब्द राज्यकारभाराच्या अंगाने शिरला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १७८४ च्या कायद्याने जी यंत्रणा उभी केली तिचे नाव ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ होते. १९२८ साली भारतात क्रिकेटची मध्यवर्ती संस्था निघाली तेव्हा तिच्या नावातही हेच शब्द आले, म्हणून तिला मराठीत ‘नियामक मंडळ’ म्हणावे लागते. जिल्ह्याचे रस्ते आणि दवाखाने पाहणारी लोकल बोर्डे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर गेली, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ‘लोकल बोर्डाचा रस्ता’ बरीच वर्षे राहिला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाच्या २००५ मध्ये चार कंपन्या झाल्या, पण वीज गेली की पुणेकर अजूनही ‘एमएसईबी’लाच फोन लावतो. त्या अक्षरांतले शेवटचे अक्षर म्हणजे बोर्ड, आणि ते बोर्ड आता अस्तित्वात नाही. पुणे, खडकी आणि देहूरोडच्या कॅन्टोन्मेंट बोर्डांना कागदोपत्री ‘कटक मंडळ’ म्हणतात. बोलताना ‘कटक मंडळ’ म्हणणारा माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही.

कायद्याच्या भाषांतरात या अर्थाची एक बारीक बाजू लक्षात ठेवावी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्यात ‘बोर्ड’ची व्याख्या ‘कंपनीच्या संचालकांचा एकत्रित समूह’ अशी केली आहे. म्हणजे पाच संचालक निरनिराळे आपापल्या घरी बसून काही म्हणाले तर ते बोर्डाचे म्हणणे ठरत नाही. ते सगळे मिळून रीतसर ठराव करतील तेव्हाच बोर्ड बोलले असे होते. टेबलाभोवती बसण्याची जुनी कल्पना कायद्याच्या आत अशी जिवंत आहे. म्हणून ‘बोर्डाने ठरवले’ याचे भाषांतर ‘संचालकांनी ठरवले’ असे करून चालत नाही, ‘संचालक मंडळाने ठरवले’ असेच करावे लागते.

इथे मुलीच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळते. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले, त्याचे मुख्य कार्यालय आपल्याच शहरात शिवाजीनगर भागात आहे, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा ते घेते. फळी, फळीचे टेबल, टेबलाभोवतीची माणसे, त्या माणसांचे मंडळ आणि मंडळाची परीक्षा, असा हा क्रम आहे. शेवटची पायरी मात्र आपण इथे चढलो. ‘यंदा तिचं बोर्ड आहे’ या वाक्यात बोर्ड म्हणजे मंडळ नव्हे, परीक्षाच, आणि खरे पाहता परीक्षाही नव्हे, तर क्लास, सराव प्रश्नपत्रिका, बंद केलेला टीव्ही आणि रद्द केलेली लग्ने यांसह ते सगळे वर्ष. लंडनच्या माणसाला हे वाक्य शब्दशः इंग्रजीत ऐकवले तर त्याला काही उमगणार नाही. त्याही पुढची कमाल ‘बोर्डात येणे’ या प्रयोगाची आहे. गुणवत्ता यादी जाहीर होत होती त्या काळात ‘अमक्यांचा मुलगा बोर्डात आला’ म्हणजे तो यादीत झळकला, आणि एवढ्या चार शब्दांवर पेठेत महिनाभर पेढे वाटले जात.

आपल्या लोकांनी या शब्दाला दिलेले आणखी एक नवे घर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात पाहायला मिळते. वकिलांच्या आणि पक्षकारांच्या तोंडी ‘बोर्ड’ म्हणजे त्या दिवशी न्यायाधीशांसमोर येणाऱ्या प्रकरणांची यादी. ‘आज आपली केस बोर्डावर आहे का?’, ‘साहेबांचा बोर्ड फार मोठा आहे, जेवायच्या सुट्टीनंतर पुकारा होईल’, ‘बोर्ड डिस्चार्ज झाला, पुढची तारीख घ्या’ ही वाक्ये तिथल्या व्हरांड्यात दिवसभर ऐकू येतात. हा अर्थ माणसांच्या मंडळाकडून आलेला नाही, यादी लावण्याच्या फलकाकडून आलेला आहे, म्हणजे फळीच्या तिसऱ्या एका फांदीवरचा आहे.

ती तिसरी फांदी सपाट पृष्ठभागाची, आणि ती समजायला सोपी आहे. फळीवर काही लिहिले की नोटीस बोर्ड, सोंगट्या मांडल्या की खेळाचा बोर्ड, विजेची बटणे बसवली की स्विचबोर्ड. नाटक लागले आणि तिकिटे संपली की बालगंधर्व रंगमंदिराबाहेर ‘हाऊसफुल्लचा बोर्ड’ लागतो, आणि गंमत अशी की इंग्रजीत अठराव्या शतकापासून खुद्द रंगमंचालाही ‘बोर्ड्स’ म्हणजे फळ्या म्हणतात. मोटारीतला डॅशबोर्ड हा घोडागाडीतून आलेला शब्द आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूला एक आडवी फळी लावत, ती म्हणजे डॅशबोर्ड. घोडा गेला, चिखल पावसाळ्यापुरता उरला, फळीच्या जागी काटे आणि दिवे आले, आणि आता हिंजवडीत तरुण मुले दिवसभर ज्या आकड्यांच्या पडद्याकडे पाहत बसतात त्यालाही डॅशबोर्डच म्हणतात. भवानी पेठेजवळच्या टिंबर मार्केटात मात्र शब्द पहिल्या पायरीवरच आहे: तिथे ‘बोर्ड दाखवा’ म्हटले की दुकानदार ब्लॉकबोर्डचे नाहीतर एमडीएफचे तक्ते उभे करून दाखवतो.

आता राहिला दुसरा बोर्ड, जहाजाचा. त्याचा अर्थ काठ किंवा बाजू. जर्मन भाषेने हे दोन शब्द अजूनही वेगळे ठेवले आहेत: फळी म्हणजे ‘ब्रेट’ आणि जहाजाची बाजू म्हणजे ‘बोर्ड’. पुण्यात जर्मन शिकणारे इतके आहेत की ही खूण पुष्कळांच्या उपयोगी पडावी. फ्रेंचांनी हाच काठवाला शब्द जर्मानिक भाषांतून घेतला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजीत परत आला तो ‘बॉर्डर’ म्हणून, म्हणजे सीमेवरची बॉर्डर आणि साडीची बॉर्डर ही जहाजाच्या बोर्डाची चुलत भावंडे आहेत, शाळेच्या बोर्डाची नव्हेत. साडीच्या बाबतीत आपल्याकडे ‘काठ’ हा अस्सल शब्द असताना ‘बॉर्डर’ का लागते, हे लक्ष्मी रोडवरच्या दुकानदारांनाच विचारायला हवे. जहाजाच्या बाजूवरून आत गेले की माणूस ‘ऑन बोर्ड’ झाला. जहाजाचे पुढे आगगाडीला, विमानाला आणि आता नोकरीलाही लागू झाले. नव्या कंपनीत रुजू होणाऱ्या मुलामुलींचे ‘ऑनबोर्डिंग’ होते ते याच शब्दातून. जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, पण त्यात तारा कुठेच नाही. पूर्वी सुकाणूचे वल्हे उजव्या बाजूला असे, म्हणून ती सुकाणूची बाजू, आणि ‘सुकाणू’साठी असलेल्या शब्दाची झीज होऊन तिथे ‘स्टार’ दिसू लागला. डाव्या बाजूला ‘लारबोर्ड’ म्हणत. वादळात ओरडून सांगताना या दोन शब्दांचा गोंधळ होई, म्हणून ब्रिटिश आरमाराने १८४४ मध्ये हुकूम काढून डाव्या बाजूला ‘पोर्ट’ म्हणायला लावले.

मराठीत एकच प्रतिशब्द का नाही, या प्रश्नाकडे आता येतो, कारण तक्रारीच्या सुरात विचारलेला हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. दोन भाषांचे शब्द एकाच वाटेने चालत नाहीत, एवढेच याचे कारण आहे, आणि ज्या घरात जे सामान असते त्यातून त्या भाषेचे शब्द निघतात. इंग्रज टेबलाशी बसला, म्हणून त्याचे मंडळ ‘टेबल’ झाले. आपण जमिनीवर बसलो, म्हणून आपली सभा ‘बैठक’ झाली. गादी, लोड, तक्के मांडलेली जागाही बैठक आणि तिथे जमून केलेला विचारविनिमयही बैठक, हे बोर्डासारखेच स्थित्यंतर आहे. ‘पीठ’ म्हणजे आसन, पण उच्च न्यायालयाचे खंडपीठ म्हणजे न्यायमूर्ती. ‘गादी’ म्हणजे बसायचे कापड, पण सातारची गादी म्हणजे राजसत्ता. पेशवे दप्तर पाहायला जाणारा अभ्यासक आणि पाठीवर दप्तर टाकून शाळेत जाणारे मूल एकच शब्द वापरतात, आणि तो शब्द फारसीतून आलेला असून त्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतले कातडे आहे, असे सांगितले की ऐकणारे हसतात. ‘मंडळ’ तर उघडच वर्तुळ आहे. इंग्रज लांब फळीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसला आणि आपण गोल करून बसलो. तेच नकोसे वाटले की आपण त्याला ‘कोंडाळे’ म्हणतो.

आणि तरीही फळी ते माणसे हा प्रवास मराठीने केलाच नाही असे समजू नये. ‘भारताची मधली फळी कोसळली’ हे वाक्य आपण क्रिकेटच्या बातमीत किती वेळा वाचतो! ‘पक्षाकडे दुसऱ्या फळीचे नेते नाहीत’, ‘कार्यकर्त्यांची नवी फळी उभी राहिली’ यांतली फळी लाकडाची नाही, माणसांची आहे. ही फळी जेवणाच्या खोलीतून आलेली नाही, रणांगणातून आलेली आहे. खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले सैनिक म्हणजे एकसंध फळी, आणि ती भेदली की ‘फळी फोडली’. इंग्रजांच्या फळीभोवती माणसे बसली, मराठ्यांची माणसे स्वतःच फळी होऊन उभी राहिली. एवढा चांगला शब्द हाताशी असताना कंपनीच्या संचालकांना ‘फळी’ म्हणता येत नाही याचे मला अधूनमधून वाईट वाटते, पण काही मंडळांच्या कारभाराकडे पाहिले की ते जाते.

तेव्हा भाषांतर करताना एका ‘बोर्ड’साठी एक शब्द शोधायचा नसतो, प्रत्येक जागचा आपला शब्द आठवायचा असतो. वर्गातला तो फळा. रस्त्यावरचा सरकारी तो फलक, आणि वाड्याच्या दारावरची ती पाटी. ‘येथे वाहने लावू नयेत’ हे फलकावर असेल तर विनंती वाटते आणि पाटीवर असेल तर लिहिणाऱ्याचा चढलेला आवाज ऐकू येतो, हे पुण्यात वेगळे सांगायला नको. पुस्तकाच्या बांधणीतला पुठ्ठा, स्वयंपाकघरातली भाजी चिरण्याची फळी, धावसंख्येचा धावफलक. माणसांचा समूह असेल तर मंडळ, पण गृहरचना संस्थेची असेल तर ‘व्यवस्थापक समिती’, तिथे ‘मंडळ’ लिहिले तर गणपतीची वर्गणी मागायला आल्यासारखे वाटते. घटस्फोटाच्या जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘शय्या आणि बोर्ड यांपासून विभक्त’ अशा अर्थाची शब्दयोजना येते. तिथे बोर्ड म्हणजे पुन्हा जेवणाचे टेबल, आणि सांगायचे असते ते एवढेच की नवरा-बायको एका घरात संसार करत नाहीत. आजच्या मराठीत त्याला ‘न्यायिक विभक्तता’ असा शब्द आहे. फळी आणि पलंग तिथे आणू नयेत. मी आणलेले पाहिले आहेत.

एक गोष्ट मात्र बोलणाऱ्या मराठी माणसाने कोशकारांच्या आधी आणि कोणी न शिकवता करून टाकली आहे. ‘दुकानाचा बोर्ड बदलला’ आणि ‘मुलाचे बोर्ड बदलले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वाक्यात बोर्ड पुल्लिंगी आहे, कारण तो फळ्याच्या आणि फलकाच्या जागी आला. दुसऱ्यात तो नपुंसकलिंगी आहे, कारण तिथे मंडळाची जागा आहे. ‘तो बोर्ड वाच’, ‘बटणाचा बोर्ड जळाला’, ‘साहेबांचा बोर्ड मोठा आहे’ हे सगळे पुल्लिंगी, आणि ‘ते बोर्ड कडक आहे’, ‘तिचे यंदा बोर्ड आहे’ हे नपुंसकलिंगी. इंग्रजीला लिंगभेद नसल्यामुळे तिथे या दोन अर्थांचा एकच ढीग पडून आहे, आणि तो ढीग वेगळा करण्याचे काम मराठीने एका क्रियापदाच्या शेवटावर भागवले आहे. मुलीला बोर्डाचे दोन अर्थ समजावून सांगायचे झाले तर शब्दकोश बाजूला ठेवून तिलाच ही दोन वाक्ये म्हणायला सांगावे, लिंग तिचे चुकणार नाही.

प्रश्नाच्या शेवटी कंसात एक शंका होती: ‘कपाट’ हा शब्द ‘कपबोर्ड’वरून आला हे खरे का? असे ठामपणे सांगणारे मलाही बरेच भेटले आहेत आणि दोन्ही शब्दांचा उच्चार इतका जवळचा आहे की विश्वास बसावा, पण ते खरे नाही. ‘कपाट’ संस्कृत आहे आणि त्याचा मूळ अर्थ दार, दाराची फळी असा आहे. केदारनाथचे कपाट उघडले अशी बातमी दर वर्षी येते, ती मंदिराच्या दाराविषयी असते, कपड्यांच्या कपाटाविषयी नव्हे. दारे असलेली भिंतीतली किंवा लाकडाची जागा म्हणून मराठीत तिलाच कपाट म्हणू लागले. इंग्रजीतला कपबोर्ड मुळात बंद नव्हताच. पेले मांडून ठेवायची उघडी फळी, म्हणजे कपांचे टेबल, असा त्याचा अर्थ होता आणि दारे त्याला नंतर लागली. इंग्रजांनी फळीला दारे लावली, आपण दाराच्या मागे फळ्या बसवल्या, आणि दोघांची कपाटे दिसायला सारखीच झाली.